धेनुकाकटचा अत्तार

पुणे जिल्ह्यातली झाडून सगळी देवस्थानं एहसान अत्तारला पाठ होती, पण पार्किंगपुरती. भीमाशंकरला धुकं उतरलं की गाडीचं तोंड कुठल्या अंगाला ठेवायचं, लेण्याद्रीच्या पायथ्याला कुठल्या टपरीवरचा चहा उकळून उकळून कडू झालेला नसतो, देहूत गर्दीच्या दिवशी गाडी कुठून मागे घ्यायची, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. वर डोंगरात किंवा आत गाभाऱ्यात काय आहे, ते मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. पॅसेंजर उतरले की तो मागच्या सीटवर आडवा व्हायचा, तोंडावर टॉवेल घ्यायचा आणि कुणीतरी काचेवर टकटक करेपर्यंत डुलकी काढायचा.

कुणी अडवलं होतं अशातला भाग नव्हता. वर जावं असं त्याला कधी वाटलंच नाही. थोडा संकोचही असेल. नाव सांगितलं की काही माणसं क्षणभर थांबतात, मग पुढे बोलतात, हे त्याला एवढ्या वर्षांत ठाऊक झालं होतं. सुट्टीच्या दिवशी लोक देवाला आलेले असतात, त्यांना कशाला थांबायला लावा, असं तो म्हणायचा.

एहसान मूळचा फलटणकडचा. त्याचे वडील, नवाब अत्तार, जत्रांमध्ये दुकान मांडायचे. दुकान म्हणजे एक सतरंजी आणि एक लाकडी पेटी. सतरंजीवर कुंकवाचे, बुक्क्याचे, अष्टगंधाचे ढीग, आणि पेटीत अत्तराच्या कुप्या. शिंगणापूर, म्हसवड, पाली, जिथे जत्रा भरेल तिथे नवाबभाई आधीच्या दिवशी पोचलेले असायचे. जत्रा खंडोबाची की महादेवाची, त्याने त्यांना फरक पडत नव्हता आणि गिऱ्हाइकालाही पडत नव्हता. बाया म्हणायच्या, अत्तार आला का? आला असला की जत्रा भरली.

एहसानला या धंद्यात रस नव्हता. त्याला चाकं आवडायची. मिसरूड फुटल्यावर तो भोसरीला एका नातेवाइकाकडे आला, ट्रक धुता धुता ट्रक चालवायला शिकला आणि पुढे बरीच वर्षं चाकणच्या कारखान्यांच्या बसवर ड्रायव्हर राहिला. फर्स्ट शिफ्टची माणसं न्यायची, थर्ड शिफ्टची झोपाळलेली माणसं परत आणायची. चिखलीत त्याने आक्काबाईंच्या चाळीत दोन खोल्या घेतल्या, परवीनशी लग्न केलं, मुलगी झाली, तिचं नाव मंतशा ठेवलं. नंतर स्वतःची सतरा सीटची गाडी केली. आता सोमवार ते शुक्रवार तो मारुंजीहून तळवड्याच्या आयटी पार्कात माणसं सोडायचा आणि शनिवार-रविवार सहली करायचा.

म्हातारपणी नवाबभाई मुलाकडे राहायला आले. जत्रा कधीच सुटल्या होत्या. त्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आजारी पडून ते वाचले खरे, पण त्यांचा वास गेला. डॉक्टरांनी सांगितलं, येईल हळूहळू. तो आला नाही. जन्मभर नाकावर पोट भरलेल्या माणसाला फोडणीचाही वास येईना. ते फारसं बोलत नसत. जेवण झालं की ओट्यावर बसत आणि समोरच्या वर्कशॉपमध्ये पत्रे कापणाऱ्या माणसांकडे बघत राहत. एहसान कामावरून आला की विचारायचा, अब्बा, बरं आहे ना? ते मान हलवायचे. बापलेकांचं बोलणं तेवढ्यावर संपायचं.

मारुंजीहून त्याच्या गाडीत रोज बसणाऱ्यांत स्वरूपा नावाची एक मुलगी होती. कंपनीत ती कॉम्प्युटरवर काम करायची, पण जीव तिचा जुन्या लिपीत. पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती ब्राह्मी वाचायला शिकली होती. महिन्या-दोन महिन्यांतून ती ऑफिसातली आणि ओळखीची माणसं गोळा करून लेणी बघायला न्यायची, आणि गाडी अर्थातच एहसानची. अशाच एका हिवाळ्यात कार्ल्याची सहल ठरली.

कार्ल्याला जायचं म्हटल्यावर आक्काबाईंनी कान टवकारले. चिखली गाव होतं तेव्हापासूनचं त्यांचं घराणं. शेतं गेली, त्यावर बिल्डिंगी आल्या, पण आक्काबाईंची भाषा आणि डोक्यावरचा पदर जागचा हलला नव्हता. कार्ल्याला लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा आईचं देऊळ आहे. आक्काबाईंनी एहसानला सांगितलं की पुढची सीट रिकामी असली तर आपण येणार, आणि रिकामी नसली तर त्याने ती रिकामी करावी.

असा तो रविवार उजाडला. डोंगराच्या मध्यावर जिथपर्यंत गाडी जाते तिथपर्यंत एहसानने ती नेली. मंडळी उतरून पायऱ्यांना लागली. आक्काबाई पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या, वर पाहिलं, गुडघ्याला हात लावला आणि मागे वळून एहसानला म्हणाल्या,

"टावेल ठिव तिकडं. हात दे."

तो म्हणाला, गाडीपाशी कुणीतरी हवं. आक्काबाईंनी गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"गाडी काय पळून जातीय व्हय? आनि मी हितं बसून आईला काय सांगू, ड्रायवर झोपला हुता म्हून?"

एहसानने गाडी लॉक केली आणि त्यांचा हात धरला. हळद-कुंकवाची, नारळाची, खेळण्यांची दुकानं दोन्ही बाजूंनी लागत गेली. आक्काबाई पाच-सहा पायऱ्या चढायच्या, थांबायच्या, दुकानदारणीशी दोन शब्द बोलायच्या, पुन्हा चढायच्या. त्यांच्या चालीने चढताना एहसानला आजूबाजूला बघायला भरपूर वेळ मिळाला. खाली पवना-इंद्रायणीकडचा मुलूख, हायवेची रेघ, तिच्यावर मुंग्यांसारखे कंटेनर. हाच रस्ता तो इतकी वर्षं तुडवत होता, पण वरून त्याने तो कधी पाहिला नव्हता.

वर आक्काबाईंनी आईचं दर्शन घेतलं. एहसान चपलांपाशी थांबला. बाहेर आल्यावर त्या देवळाशेजारच्या प्रचंड कमानीकडे बोट दाखवून म्हणाल्या, तुझी ती शिकलेली पोर आत गेली न्हवं, चल, बघू तरी काय दावतीय.

आत पाऊल टाकलं आणि एहसान थबकला. बाहेर गुलाल, घंटा, लेकरांची रडारड. आणि आत एकदम गारवा. डोंगराच्या पोटात एवढी जागा असेल असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. दोन्हीकडे खांबांच्या रांगा, प्रत्येक खांबावर हत्ती, हत्तींवर माणसं. वर दगडी छताला लाकडाच्या कमानी. स्वरूपा तिच्या मंडळींना सांगत होती की यातलं बरंचसं लाकूड मूळचंच आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं. एहसानच्या मनात पहिला विचार आला तो वाळवीचा. त्याच्या चाळीतली दाराची चौकट दहा वर्षं टिकत नव्हती. त्याने पुढे होऊन विचारलं, की मॅडम, वाळवी कशी लागली नाही? स्वरूपा हसली. म्हणाली, हा प्रश्न मलाही पडतो, सागवान आहे, कोरडी जागा आहे, पण नीट उत्तर मला माहीत नाही.

हे उत्तर त्याला आवडलं. शिकलेल्या माणसाला एखादी गोष्ट माहीत नसते आणि तो तसं सांगतो, म्हणजे मग विचारायला हरकत नाही. तो तिच्या मागे मागे फिरू लागला. तिने खांबांवरची अक्षरं दाखवली. हा खांब धेनुकाकट गावच्या एका यवनाने दिला, म्हणजे ग्रीक देशाकडच्या परक्या माणसाने. हाही यवनानेच. राजाने सगळं केलं असं नाही, लोकांनी मिळून केलंय, कुणी खांब दिला, कुणी काही. आक्काबाईंनी एका खांबाला टेकून विचारलं, की परक्या मुलखातला बाबा हितं कशाला खांब द्यायला आला? स्वरूपा म्हणाली, व्यापाराला आला असेल आणि मन रमलं असेल.

मग ती सगळ्यांना दाराशी घेऊन आली. दगडावर बारीक, कोनाकोनांची अक्षरं होती, लहान मुलाने खिळ्याने कोरावीत तशी. तिने बोट न लावता एकेक अक्षर वाचलं. एक ओळ सामी नावाच्या सुताराची होती, वेणुवासाचा मुलगा, राहणार धेनुकाकट, दार त्याने केलं. दुसरी ओळ वाचून ती म्हणाली, "आणि या दाराचं दान सिंहदत्ताचं. तोही धेनुकाकटचाच. गांधिक होता. गांधिक म्हणजे गंध विकणारा, सुगंधी वस्तूंचा व्यापारी."

"म्हंजी अत्तार," आक्काबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून एहसानकडे पाहिलं. गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: अत्तार ट्रॅव्हल्स. स्वरूपा रोज ती अक्षरं बघून गाडीत चढत होती आणि हे तिच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. ती नुसतीच म्हणाली, खरंच की.

एहसानला काय वाटलं ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. मान ताठ झाली, असं काही नव्हे. हा सिंहदत्त आपला कोण? कुणीच नाही. दोन हजार वर्षं, वेगळा धर्म, वेगळी बोली. पण त्याच्या डोळ्यांपुढे एक माणूस आला खरा. डोंगर चढून आलेला, जत्रेच्या गर्दीत सतरंजी मांडणारा, बोटाला गंध लावून समोरच्याच्या मनगटावर ओढणारा. तो माणूस काय विकत असेल? कुठून माल आणत असेल? विकून विकून एवढं काय मिळवलं असेल की डोंगराला दार द्यावं असं त्याच्या मनात आलं?

उतरताना त्याने स्वरूपाला विचारलं, हे धेनुकाकट म्हणजे आजचं कुठलं गाव? ती म्हणाली, तोच तर घोळ आहे. कुणी म्हणतं इथेच कार्ल्याच्या आसपास होतं, कुणी म्हणतं कोकणात, कुणी थेट आंध्रात नेऊन ठेवतं. नक्की कुणालाच सांगता आलेलं नाही.

ड्रायव्हरला एखादं गाव माहीत नसणं ही तशी लाजेची गोष्ट. पण जे गाव कुणालाच माहीत नाही, त्याची गोष्ट वेगळी. घरी जाईपर्यंत एहसान रस्त्याकडे निराळ्याच नजरेने बघत होता. घाट चढून आल्यावर जनावरं कुठे दमत असतील, पाणी कुठे प्यायला मिळत असेल, मुक्काम कुठे पडत असेल. लेण्याच्या बाजूला कातळात खोदलेली पाण्याची टाकी त्याने पाहिली होती. ती त्याला आता चांगलीच कळली. लांबच्या रस्त्यावर माणूस आधी पाणी शोधतो.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर त्याने वडिलांना, अब्बा, बरं आहे ना, असं विचारलं नाही. तो ओट्यावर त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, की अब्बा, दोन हजार वर्षांपूर्वी एखादा अत्तार असेल, तर तो काय विकत असेल?

नवाबभाईंनी पत्र्याच्या वर्कशॉपवरची नजर काढली. मग म्हणाले, कुप्या नसतील तेव्हा. तेलात मुरवत असेल. आणि मग ते बोलतच राहिले. चंदन दक्षिणेकडून येत असेल. वाळा तर ओढ्याकाठी मिळतो, त्याला कुठे जायची गरज नाही. केवडा कोकणातून घाट चढून येईल. कापूर समुद्रापलीकडून. उन्हाळ्यात वाळा विकायचा, थंडीत हिना. चंदनाचा भुसा कसा ओळखायचा, भेसळ करणारे त्यात काय घालतात, गिऱ्हाइकाला तीनपेक्षा जास्त वास एका वेळी का द्यायचे नाहीत, सगळं आलं. परवीन भांडी आवरून दारात येऊन उभी राहिली. मंतशाने फोन बाजूला ठेवला. सासरे एवढं बोलू शकतात हे परवीन पहिल्यांदा पाहत होती. एहसानने त्यांना सिंहदत्ताचं सांगितलं. नवाबभाईंनी नाव दोनदा उच्चारून बघितलं आणि विचारलं,

"दार अजून आहे?"

लाकडी दार कधीच गेलं असेल, पण दगडातली कमान आहे, आणि त्याचं नाव आहे, असं एहसानने सांगितलं.

"मग घेऊन चल," नवाबभाई म्हणाले.

पुढच्या महिन्यात गर्दी नसलेला एक आडवार बघून एहसानने सुट्टी काढली. स्वरूपानेही रजा टाकली. ती म्हणाली, वाचून दाखवायला कुणीतरी हवंच. आक्काबाईंना कुणी विचारलं नव्हतं, तरी त्या पुढच्या सीटवर येऊन बसलेल्या होत्या. परवीन मागे बसली. नवाबभाईंनी इस्तरीचा पांढरा सदरा घातला होता आणि डोक्यावर ठेवणीतली टोपी.

पायऱ्या चढायला त्यांना पार दुपार झाली. पण खरा उशीर चढण्याने झाला नाही. निम्म्यावर छबूबाई नावाच्या एका बाईचं हळद-कुंकवाचं दुकान होतं. नवाबभाई तिथे थांबले, वाकले, कुंकवाच्या ढिगातली चिमूट घेऊन त्यांनी बोटांत चोळली. मग दुसऱ्या ढिगातली. मग बुक्क्याची. छबूबाई आधी जरा सावध झाली. म्हातारा टोपीवाला, काय शोधतोय कोण जाणे. वास येत नव्हता, पण बोटांना कळत होतं. त्यांनी तिला एवढंच सांगितलं की हे कुंकू हळदीचं आहे, हे नाही, आणि बुक्का नुसता कोळसा आहे, त्यात काहीच घातलेलं नाही. छबूबाई म्हणाली, व्यापारी देतो तसं घ्यायचं, आमच्या हातात काय? पण तिने त्यांना बसायला स्टूल दिलं. मग दोघांची धंद्याची बोलणी सुरू झाली. जत्रेत पाऊस आला की माल कसा झाकायचा, सुट्टे नाहीत म्हणणारं गिऱ्हाईक कसं ओळखायचं. एहसान आणि स्वरूपा उभे राहून कंटाळले. आक्काबाई मात्र दुकानातल्या पायरीवर पाय पसरून निवांत ऐकत होत्या आणि मध्येच सांगत होत्या, की आमच्या चिखलीत पन आसा एक अत्तार यायचा, त्याच्या बुक्क्याचा वास लुगड्याला आठवडाभर ऱ्हायचा.

अखेर ते दाराशी पोचले. स्वरूपाने ओळ वाचून दाखवली. नवाबभाईंनी ती पुन्हा वाचायला सांगितली आणि प्रत्येक अक्षरापाशी मान पुढे नेली. मग त्यांनी सुताराची ओळ कुठली ते विचारलं. तिने तीही वाचली.

"सुताराच्या बापाचं नाव आहे," ते म्हणाले. "याच्या नाही."

स्वरूपा म्हणाली, हो, का ते सांगता येत नाही. जागा कमी असेल, किंवा त्याला लिहावंसं वाटलं नसेल. कोरणाऱ्यानेही गाळलं असेल.

नवाबभाई त्या ओळीकडे बघतच म्हणाले, की चाळीस वर्षं जत्रा केल्या, पण एकाही गिऱ्हाइकाला माझं नाव नवाब आहे हे माहीत नव्हतं. अत्तार म्हटलं की मी वळून बघायचो. बापाचं नाव तर लांबच राहिलं. यालाही लोक गांधिक म्हणूनच ओळखत असतील. एवढं बोलून ते आत गेले आणि खांबाखाली भिंतीला टेकून बसले. परवीनने पाण्याची बाटली दिली. त्यांनी दोन घोट घेतले, नाकाने खोल श्वास घेतला, आणि तिला विचारलं, इथे कसला वास येतो?

परवीन गोंधळली. तिने इकडे तिकडे वास घेतला. म्हणाली, दगडाचा. ओल्या दगडाचा. थोडा वटवाघळांचा. आणि बाहेरून उदबत्तीचा, मोगऱ्याची आहे बहुतेक. नाही, मोगरा नाही, स्वस्तातली आहे, साबणासारखी.

नवाबभाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. लग्नाला वीसेक वर्षं झाली होती, आणि सुनेला नाक आहे हे त्यांना आज कळलं.

यातून पुढे जे झालं ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं. उतरताना त्यांनी छबूबाईला सांगितलं होतं, की मी तुला बुक्का करून देतो, मग बघ. शब्द दिला म्हणून करावा लागला. एहसानने पुण्यातून काष्ठौषधीच्या दुकानातून नागरमोथा, कापूरकाचरी, दवणा, वाळा असं सगळं आणून दिलं. मापं नवाबभाईंच्या हातात होती, मुठीची आणि चिमटीची. पण मुरला की नाही, कमी काय, जास्त काय, हे त्यांना कळेना. ते परवीनला हाक मारायचे. ती वास घ्यायची आणि सांगायची, मातीसारखा येतोय. ते म्हणायचे, मोथा जास्त झाला. ती म्हणायची, आता गोड येतोय पण घशात बसतोय. ते म्हणायचे, काचरी कमी कर. पहिला घाणा वाया गेला. दुसराही परवीनला पसंत पडला नाही, आणि नवाबभाईंनी तो तिच्या शब्दावर टाकून दिला. तिसऱ्या वेळी आक्काबाई आपल्या खोलीतून उठून आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, ह्यो त्यो. ह्योच.

छबूबाईच्या दुकानात तो बुक्का खपला. मग शेजारच्या दुकानदारणीने मागितला. आता परवीन महिन्यातून एकदा करते. आधी ती सासऱ्यांना विचारून करायची, आता करून मग विचारते. नवाबभाईंचा वास आला नाही तो नाहीच. पण संध्याकाळी ओट्यावर ते सुनेला आठवतील तेवढे वास तोंडी शिकवतात. पहिल्या पावसाच्या मातीचं अत्तर कनौजला कसं करतात, हिना आणि शमामा या अत्तरांत फरक काय, आणि ती ऐकता ऐकता भाजी निवडते. एखादा वास तिने कधी घेतलेलाच नसतो, मग ते सांगतात, की कशासारखा, आणि कशासारखा नाही.

एहसानही बदलला. आता गाडी लावली की तो टॉवेल काढत नाही. लेण्याद्रीला तो इतक्या वेळा गेला होता, आणि तिथला गणपती बौद्ध लेण्यात बसलेला आहे हे त्याने पन्नाशीत पाहिलं. जुन्नरला एक लेणं धान्य विकणाऱ्यांच्या मंडळीने खोदवून दिलंय हे कळल्यावर त्याने स्वरूपाला विचारलं, म्हणजे आपल्या मार्केट यार्डाच्या अडत्यांसारखे? ती म्हणाली, जवळपास तसेच. नाणेघाटात दगडाचा एक भला मोठा रांजण आहे, घाट चढून येणाऱ्यांची जकात त्यात टाकत असं लोक सांगतात. एहसान त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला. घाट चढून दमल्यावर वर जकात भराव्या लागणाऱ्या माणसाची चिडचिड त्याला अगदी जवळची वाटली. पॅसेंजरांना तो काही शिकवायला जात नाही. पण पायथ्याला एवढं सांगतो, की वर गेलात की पाण्याचं टाकं कुठे आहे ते बघा आणि मला येऊन सांगा. काही जण सांगतात, काही विसरतात.

धेनुकाकट त्याच्या डोक्यातून गेलं नाही. नवं गाव लागलं की तो पाटी वाचतो आणि नाव मनात उलटंसुलटं करून बघतो. एकदा मळवलीकडच्या एका म्हाताऱ्या गुराख्याला त्याने विचारलंही, की आजोबा, इथे आसपास धेनुकाकट किंवा तसल्या नावाचं काही होतं का? गुराख्याने बराच विचार केला आणि सांगितलं, की धानोरे हाय, धामणे हाय, ह्ये न्हाई. स्वरूपाला त्याने हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, असंच विचारत राहायचं.

आणि मग तिनेच त्याला घोरावडेश्वराचं सांगितलं.

हा डोंगर देहूरोडच्या पुढे, जुन्या हायवेच्या अगदी उशाला. एहसानने त्याच्या पायथ्यावरून किती वेळा गाडी नेली असेल याची मोजदाद नाही. वर महादेव आहे, शिवरात्रीला तिथे गर्दी होते, रस्ता तुंबतो, एवढंच त्याला माहीत होतं. स्वरूपा म्हणाली, की तो महादेव जुन्या लेण्यातच आहे, आणि तिथल्या एका लेण्यावर एका बाईचं नाव आहे. सियागुटनिका. नांगर धरणाऱ्या एका कुणब्याची, उसभणकाची बायको. आपल्या मुलाला बरोबर घेऊन तिने ते लेणं दान दिलं. गाव, धेनुकाकट.

या वेळी एहसान परवीनला स्कूटरवर बसवून घेऊन गेला, बरोबर दुसरं कुणी नव्हतं. सकाळची वेळ होती. चढ उभा, पण पायऱ्या बऱ्या होत्या. डोंगर फिरायला येणारे देहूरोडचे, तळेगावचे लोक हाफ पँटी घालून भराभर चढून जात होते. वर महादेवाच्या लेण्यात एक पुजारी पाणी घालत होता. त्याने अक्षरं कुठे आहेत ते हाताने दाखवलं आणि आपल्या कामाला लागला.

अक्षरं झिजलेली होती. दोघांनाही ती वाचता येत नव्हती. एहसानने फोनमध्ये स्वरूपाने पाठवलेला फोटो उघडला आणि दगडाशी धरला. एकेक अक्षर जुळवून बघत ते दोघं उभे राहिले. हे सि असेल. हे य. इथे काही दिसत नाही. परवीनने जवळ तोंड नेलं आणि म्हणाली, हे चुन्यासारखं काहीतरी आहे, नंतर कुणीतरी लावलेलं.

मग ती बाहेर येऊन कातळावर बसली. समोर सगळा पट्टा पसरलेला होता. इंद्रायणीचं वळण, तिच्यापलीकडे देहूची वस्ती, खाली जुना हायवे, दुसऱ्या अंगाला एक्सप्रेस वे, आणि धुरकट हवेत पार चाकणपर्यंत कारखान्यांची पांढरी छतं. तिने डबा उघडला. भाकरी, मेथीची भाजी, लसणाची चटणी.

"एक सांगा," ती म्हणाली. "कुणब्याची बायको. शेतीचं काम, घर, गुरं. तिला हे सुचलं कसं? आणि घरात कुणाला आधी सांगितलं असेल तिने, नवऱ्याला की मुलाला?"

एहसान म्हणाला, मुलाचं नाव बरोबर लिहिलंय, म्हणजे मुलाला सांगितलं असेल.

"नाही," परवीन म्हणाली. "आधी नवऱ्याला सांगितलं असेल. तो हो म्हणाला नसेल. मग मुलाला सांगितलं."

एहसान हसला. तसं दगडावर लिहिलेलं नव्हतं. पण नव्हतं असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. हे स्वरूपाला विचारायला हवं, असं तो म्हणाला. परवीन म्हणाली, तिला काय विचारायचं, तिचं कुठे लग्न झालंय.

भाकरी खाऊन झाली. परवीनला हात धुवायला पाणी हवं होतं, आणि बाटलीतलं संपलं होतं. एहसान उठला आणि लेण्याच्या कडेने, कातळाला हात लावत, टाकं कुठे खोदलंय ते शोधायला निघाला.